पळावं, की विश्वास ठेवावा?

 मैत्रिणींनो, आम्ही नळदुर्गच्या बचत गटांतल्या बायका. कुणी भाकरी थापत ऐकत असेल, कुणी शिलाई मशीनवर बसून, कुणी रानात शेंगा तोडताना. हातातलं काम चालू ठेवा आणि कान इकडं द्या.

आज आम्ही हप्ता, व्याज, पापड-शेवया यावर बोलणार नाही. आजचा विषय एका विज्ञानकथेतून निघाला. विज्ञानकथा म्हटलं की आपल्याला जयंत नारळीकर आठवतात, शाळेच्या वाचनालयातलं पुस्तक आठवतं. ते शिकलेल्यांचं वाचन, आपला काय संबंध, असं कुणी म्हणेल. आम्हालाही तसंच वाटायचं. पण आमच्या गटाची एक पद्धत आहे. महिन्याची बैठक झाली, वसुली झाली, वहीवर सह्या-अंगठे झाले, की अर्धा तास कुणीतरी एक गोष्ट सांगायची. कधी पुराणातली, कधी पेपरातली. एकदा आमच्यातल्या एका ताईंच्या मुलीनं सांगितली. ती सोलापूरला इंग्रजी घेऊन एम. ए. करते. तिनं सांगितलेली गोष्ट अमेरिकेतल्या ऑक्टाव्हिया बटलर या कृष्णवर्णीय लेखिकेची. कादंबरीचं नाव ‘डॉन’, म्हणजे पहाट. १९८७ साली छापली गेलेली.

गोष्ट अशी. पृथ्वीवर अणुयुद्ध होतं आणि बहुतेक माणसं मरून जातात. लिलिथ नावाची एक बाई जागी होते ती एका बंद खोलीत. खोलीला ना दार, ना खिडकी. कुठून तरी आवाज येतो, प्रश्न विचारतो. तिच्या प्रश्नांना मात्र उत्तर देत नाही. पुढं तिला कळतं की आपण एका अवकाशयानात आहोत आणि युद्धाला अडीचशे वर्षं होऊन गेलीत. परग्रहावरच्या ओआंकाली नावाच्या जिवांनी उरलीसुरली माणसं उचलून आणली, त्यांना झोपवून ठेवलं आणि मधल्या काळात पृथ्वी दुरुस्त केली. या जिवांच्या अंगभर वळवळणारे अवयव असतात. त्यातला पहिला समोर आला, तेव्हा त्याच्याजवळ जायला तिला कितीतरी दिवस लागले. पण ते तिला मारत नाहीत. उलट तिला कॅन्सर झालेला असतो, तोही ते बरा करतात. बोलतात गोड, वागतात शांत. मग एक दिवस सांगतात, तुम्हाला परत पृथ्वीवर सोडू, पण पुढची मुलं तुमची-आमची मिसळून होतील. ही आमची किंमत.

आता लिलिथनं काय करावं? त्यांनी जीव वाचवलाय हे खरं. त्यांनीच कोंडलंय हेही खरं. पुढं ते तिच्यावर काम सोपवतात, की झोपलेल्या इतर माणसांना उठव आणि रानात जगायला शिकव. ती मनाशी ठरवते, की यांच्याकडून शिकून घ्यायचं, सगळ्यांना शिकवायचं आणि पृथ्वीवर पाय ठेवला की पळायचं. पण उठवलेली माणसं तिच्यावरच संशय घेतात. ही त्यांची माणूस, हिला दार उघडता येतं, आपल्याला येत नाही, असं म्हणतात. काही जण शिकायला आणलेल्या जंगलातून पळतात, तर ते जंगलसुद्धा यानाच्या पोटातच निघतं. भांडणात लिलिथचा जोडीदार मारला जातो, तोही माणसांच्याच हातून.

मुलीची गोष्ट संपली आणि आमच्याकडं नुसता गलका झाला. एक काकू म्हणाल्या, “पळायलाच पाहिजे होतं तिनं.” दुसऱ्या म्हणाल्या, “पळणार कुठं, बाहेर नुसतं आभाळ!” तिसऱ्या म्हणाल्या, “ज्यानं जीव वाचवला त्याच्यावर विश्वास ठेवायला काय हरकत होती?” एक सून कोपऱ्यात बसली होती, फारशी बोलत नाही कधी. ती म्हणाली, “जीव वाचवला खरा. पण तिला विचारलं कुठं?” त्या कादंबरीचा शेवट तिला अजून माहीत नव्हता. शेवटी बाकीच्यांना पृथ्वीवर पाठवतात, लिलिथला ठेवून घेतात आणि तिला न विचारता तिच्या पोटात त्यांचं मिसळलेलं मूल वाढवायला सुरुवात केलेली असते. म्हणतात, तुलाही हेच हवं होतं, फक्त तुला सांगता येत नव्हतं.

हे वाक्य आपण किती वेळा ऐकतो! “तुझ्या भल्यासाठीच केलं.”

मैत्रिणींनो, ही झाली आभाळातली गोष्ट. आता आपल्या जिल्ह्यातली ऐका. ही मनातून रचलेली नाही.

जून २०२३ मध्ये आपल्या जिल्ह्यात ढोकी पोलिसांनी ११ मजुरांची सुटका केली. त्यांना विहीर खोदायच्या कामाला आणलं होतं. आणणारा एजंट होता. त्यानं काम देतो म्हणून माणसं गोळा केली आणि दोन-पाच हजार रुपये घेऊन ठेकेदारांच्या हवाली केली. बारा-बारा तास विहिरीत काम, जेवण एक वेळचं, आणि पळून जाऊ नये म्हणून पायात साखळी. त्यातला एक जण कसाबसा निसटला. हिंगोली जिल्ह्यातल्या आपल्या गावी पोचला आणि त्यानं पोलिसांना सांगितलं. तिथून ढोकीला निरोप आला. पोलीस वाखारवाडीला गेले, तर विहिरीवर पाच जण सापडले. त्या पाचांनी सांगितलं, खामसवाडीला अजून सहा जण आहेत. मग तेही सुटले. ठेकेदारांना अटक झाली.

ही बातमी आम्ही बैठकीत वाचली, तेव्हा बायकांचा पहिला प्रश्न होता, “अहो, विहीर म्हणजे काही तळघर नव्हे. रानात असते. येणारे-जाणारे असतात. ओरडले कसे नाहीत?”

ह्या प्रश्नावर आम्ही पुष्कळ वेळ बोललो. परक्या जिल्ह्यातला माणूस आहे. ज्यानं “चल, काम देतो” म्हटलं त्यानंच विकलं. आता बांधावरून कुणी शेतकरी चाललाय, कुणी टेम्पोवाला पाणी प्यायला थांबलाय. तो ठेकेदाराचा पाहुणा असेल तर? त्याला सांगितलं आणि त्यानं जाऊन ठेकेदाराच्या कानावर घातलं, तर रात्री मार कुणाला बसणार? दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, हे गप्प आहेत म्हणजे राजी आहेत. ते राजी नसतात. कुणाला सांगावं याचा हिशोब त्यांच्या मनात रात्रंदिवस चाललेला असतो, आणि एकदा जरी तो चुकला तर दुसरी संधी नसते.

आणि त्या निसटलेल्या माणसाचंही बघा. तो सुटला तेवढ्यावर थांबला असता, तर मागचे दहा-अकरा जण तिथंच राहिले असते. त्यानं पळणंही केलं आणि विश्वास ठेवणंही केलं. आधी पळाला, मग लांब जाऊन, आपल्या मुलखात, कुणावर तरी भरवसा टाकला. म्हणजे पळावं की विश्वास ठेवावा, असा एकच एक निवाडा नसतो. आधी काय आणि नंतर काय, कुणावर आणि कितपत, हे ठरवावं लागतं.

आपल्या इतिहासात हे ठरवणारी माणसं होऊन गेली. आग्र्याहून सुटका तर लहान पोरालाही पाठ आहे. पेटारे सगळ्यांना आठवतात. पण पेटाऱ्यांच्या आधीचे तीन महिने आपण विसरतो. शिवाजी महाराज आग्र्याला गेले ते मिर्झाराजे जयसिंगांच्या शब्दावर. १२ मे १६६६ ला दरबारात अपमान झाला आणि पुढं पहारा बसला. तिथं महाराजांच्या बाजूनं उभा होता तो मिर्झाराजांचा मुलगा रामसिंग. तो महाराजांना जामीन राहिला होता. म्हणजे मदत करणारा होता, मनानं वाईट नव्हता. पण त्याच्या हातात होतं काय? तो स्वतःच बादशहाचा चाकर. महाराजांनी त्याच्याशी बिघडवलं नाही, त्याच्यावर सगळा भारही टाकला नाही. बरोबरच्या लोकांना परत पाठवायची परवानगी मिळवली, आजाराचं निमित्त केलं, मिठाईचे पेटारे रोज जाऊ दिले. पहारेकऱ्यांना सवय होऊ दिली. १७ ऑगस्टला निसटले. नऊ वर्षांच्या शंभूराजांना मात्र मथुरेत विश्वासातल्या घरी ठेवलं, आपल्याबरोबर धावपळीत नेलं नाही. पोटच्या पोराला दुसऱ्याच्या ओसरीवर सोडून जायचं, यापेक्षा मोठा विश्वास कोणता? पुढं रामसिंगावर संशय आला आणि त्याला शिक्षाही झाली. म्हणजे मदत करणाराही अर्धा कैदी असू शकतो. त्याचं मन चांगलं आहे का, एवढंच बघून भागत नाही. त्याच्या हातात किती आहे, तेही बघावं लागतं.

पण सगळ्यांना पळता येत नाही. महाराणी येसूबाईंचं नाव आपण घेतो, त्यांची कैद मात्र आपल्या बोलण्यात येत नाही. १६८९ मध्ये संभाजीराजे पकडले गेले. रायगडाला वेढा पडला. राजाराम महाराजांना गादीवर बसवून येसूबाईंनी त्यांना गडाबाहेर जाऊ दिलं आणि आपण सात वर्षांच्या शाहूराजांना घेऊन गडावर राहिल्या. त्याच वर्षी नोव्हेंबरात रायगड पडला आणि मायलेकरं मोगलांच्या छावणीत गेली. बादशहाची छावणी म्हणजे हिंडतं गाव. छावणी जाईल तिकडं हे कैदी. मंगळवेढ्याजवळ भीमेच्या काठी ब्रह्मपुरीला ती छावणी कितीतरी वर्षं होती. आपल्यापासून ते काही फार लांब नाही.

त्या छावणीत बादशहाची मुलगी झीनतुन्निसा या मायलेकरांशी मायेनं वागली, असं इतिहास सांगतो. आता विचार करा. नवऱ्याला ज्यानं मारलं त्याचीच लेक. तिचा हात धरावा का झिडकारावा? येसूबाईंच्या मनात काय चाललं असेल ते त्यांनाच ठाऊक. एवढं दिसतं, की त्यांनी मुलगा जगवला, त्याचं नाव जगवलं, आणि वाट पाहिली. १७०७ मध्ये औरंगजेब मेला. आझमशहानं शाहूराजांना सोडलं. दयेनं नाही सोडलं. तिकडं ताराबाईंची सत्ता होती. शाहू गेले तर मराठ्यांत दोन तट पडतील, हा हिशोब होता. आणि येसूबाईंना मात्र ओलीस ठेवलं. लेकाला सोडलं आणि दोरी हातात ठेवली. त्या सुटल्या १७१९ साली, बाळाजी विश्वनाथ दिल्लीला गेले तेव्हा. सय्यद बंधूंना बादशहाविरुद्ध मराठ्यांची फौज हवी होती, मराठ्यांना चौथाई-सरदेशमुखीच्या सनदा आणि आपली माणसं हवी होती. कुणी कुणाचा सोयरा नव्हता. पण काय द्यायचं, काय घ्यायचं ते उघड होतं आणि कागदावर होतं. जवळजवळ तीस वर्षांनी ती माउली आपल्या मुलखात परतली.

कुणी म्हणेल, तीस वर्षं बसून राहिली. आम्ही म्हणतो, ती पळाली नाही म्हणून ती हरली असं म्हणायचा अधिकार बाहेर मोकळं बसलेल्या कुणालाही नाही.

आता आपल्या घरात या. दसरा-दिवाळी आली की आपल्या भागातून ऊसतोडीला गाड्या भरून जातात. पश्चिम महाराष्ट्रात जातात, कर्नाटकात जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादम आधी उचल देतो. त्यात लग्न होतं, दवाखाना होतो, घरावर पत्रे पडतात. हंगाम संपता संपता हिशोब होतो आणि मुकादम म्हणतो, अजून फिटली नाही, पुढच्या साली या. मध्येच कुणी निघून गेलं तर मागं राहिलेल्या भावाला, सासऱ्याला धरतात. आणि मुकादमाचंही बघा, त्याच्या डोक्यावर वाहतूकदार, त्याच्यावर कारखाना. त्यानंही पैसे उचललेले असतात. तोही अर्धा कैदीच. सगळेच मुकादम वाईट असतात असं आम्ही म्हणत नाही. आमच्या गटातल्या काही घरांचे मुकादम नात्यातलेच आहेत. पण चांगला माणूससुद्धा कात्रीत सापडला की आपलं आधी बघतो.

अशीच आमच्या ओळखीतली एक बाई. नाव, गाव, कारखाना काहीच सांगत नाही, तिला जपायचं आहे. हंगामाच्या मध्यावर तिचं अंग दुखणं सुरू झालं, ताप उतरेना. घरी जाते म्हणाली, तर उचल टाक आणि जा, असं उत्तर. फोन नवऱ्याकडं, नवऱ्याचा फोन टोळीच्या म्होरक्याकडं. तिथं रोज दुधाची गाडी यायची. त्या गाडीवाल्यानं तिची अवस्था बघितली आणि म्हणाला, “ताई, पहाटे गाडीत बस, एस. टी. स्टँडवर सोडतो.”

तुम्ही काय केलं असतं? ताप आहे, हाल आहेत, आणि समोर गाडी उभी आहे. पण गाडीवाला कोण, कुठला? बाईमाणूस एकटी, पहाटेचा अंधार. आगीतून उठून फुफाट्यात पडायचं का?

तिनं काय केलं ते ऐका. ती गाडीत बसली नाही, आणि नाही असंही म्हणाली नाही. ती म्हणाली, “दादा, आधी माझं एक काम करा. माझ्या भावाला फोन लावा, मी कुठं आहे ते सांगा, आणि त्याला विचारा आमच्या थोरल्या बहिणीच्या लेकीला घरात काय म्हणतात.” ते लाडाचं नाव घरातल्यांशिवाय कुणालाच माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी दूध घेऊन गाडी आली आणि गाडीवाल्यानं ते नाव बरोबर सांगितलं. म्हणजे फोन झाला होता. भाऊ निघाला होता. तीन दिवसांनी भाऊ आला, बरोबर गावातली दोन जाणती माणसं. जाताना त्यांनी आधी तिथल्या पोलीस ठाण्यात सांगितलं. ती उजेडात, सगळ्यांच्या देखत घरी आली. उचलीचा वाद अजून मिटलेला नाही. तिच्या दिराला निरोप येतात. पण ती आज उपचार घेतेय आणि आमच्या बैठकीला येते.

तिला आम्ही विचारलं, एवढं कसं सुचलं गं तुला? ती म्हणाली, “उसनी साखरसुद्धा आपण पहिल्यांदा वाटीभरच देतो. परत आली तर पुढच्या वेळी डबा देतो. जीव एकदम कसा द्यायचा?”

त्या दिवशी आम्ही सगळ्यांनी मिळून काही प्रश्न ठरवले. कुणी मदतीला आलं, नोकरी देतो म्हणालं, कर्ज फेडून देतो म्हणालं, इथून बाहेर काढतो म्हणालं, तर मनात हे विचारायचे.

पहिला, यातून याला काय मिळणार, आणि ते तो स्वतः सांगतो का? फायदा असणं हे पाप नाही. सय्यद बंधूंनाही फायदा हवा होता. पण फायदा लपवणारा माणूस ताकाला येऊन भांडं लपवणारा. त्याच्यापासून चार हात लांब.

दुसरा, तो आपल्याला तिसऱ्या माणसाशी बोलू देतो का? आईला फोन कर, गटात विचार, कागद कुणाला दाखव, असं म्हणतो, की “कुणाला सांगू नको, काम बिघडेल” म्हणतो? मैत्रिणींनो, आम्हाला सगळ्यात भरवशाची वाटते ती हीच खूण. जो आपल्याला एकटं पाडतो तो गोड बोलला तरी दाराला कडीच घालत असतो.

तिसरा, आज नको म्हटलं तर चालतं का? की नको म्हटल्यावर त्याचा आवाज बदलतो? लिलिथला नाही म्हणायची सोय नव्हती. तिथंच ती मदत कैद होती.

चौथा, त्याच्या हातात खरंच किती आहे? रामसिंगासारखा भला पण बांधलेला असेल, तर त्याच्याकडून जमेल तेवढंच घ्यायचं, आणि त्याला अडचणीत न टाकता दुसरी वाट बघायची.

हे प्रश्न कारखान्यावरच लागतात असं नाही. सासरी मार खाणाऱ्या लेकीला कुणी फोनवर म्हणतो, “ये माझ्याकडं, सांभाळतो.” दहावी झालेल्या मुलीला कुणी म्हणतो, “पुण्यात काम लावून देतो, कागदपत्रं माझ्याजवळ दे.” घरी बसून कर्ज देणारा म्हणतो, “नवऱ्याला कळवू नका, फक्त इथं अंगठा.” प्रश्न तेच आहेत.

आता जरा उलटं बघू. आजपर्यंत आपण कैदेतल्या माणसाच्या बाजूनं बोललो. पण आपल्या दारात कुणी पळून आलेली बाई उभी राहिली तर तिच्यासाठी आपणही परकेच. ती आपल्याकडं त्याच नजरेनं बघणार, जशी ती विहिरीतली माणसं बांधावरून जाणाऱ्याकडं बघत असतील. तिनं लगेच खरं सांगितलं नाही, नाव खोटं सांगितलं, ताटातली भाकरी पदरात बांधून ठेवली, तर राग मानायचा नाही. ते कृतघ्नपण नव्हे.

आम्ही आमच्यापुरतं काही ठरवलंय. आधी पाणी, जेवण, बसायला जागा. मग फोन तिच्या हातात द्यायचा, नंबर तिनं लावायचा. तिला न विचारता तिच्या माहेरी, सासरी कुणालाच कळवायचं नाही. फोटो काढायचा नाही, व्हॉट्सअ‍ॅपवर टाकायचा नाही. काय घडलं ते खोदून खोदून विचारायचं नाही. जे आपल्याला जमणार नाही त्याचं वचन द्यायचं नाही. “आम्ही तुला सोडवतो” असं न म्हणता म्हणायचं, “आम्ही तुझ्याबरोबर ठाण्यात येतो.” तेवढं जमतं, आणि तेवढं केलं की तिचा भरवसा वाढतो. लहान मूल बरोबर असेल तर त्याला आधी खाऊ घालायचं आणि आईच्या नजरेआड करायचं नाही.

कायदाही आपल्या बाजूला आहे. कर्जापोटी माणूस कामाला बांधून ठेवणं हे १९७६ च्या कायद्यानं बंद झालंय. ती वेठबिगारी आहे असं ठरलं तर ते कर्जच रद्द होतं. ते फेडायची जबाबदारी राहत नाही. त्यासाठी तहसील किंवा उपविभागीय अधिकाऱ्यांच्या कार्यालयात, नाहीतर थेट जिल्हाधिकाऱ्यांकडं अर्ज करता येतो. सुटलेल्या माणसाला मुक्ततेचा दाखला मिळतो आणि त्या दाखल्यावर पुनर्वसनाची मदत मिळू शकते. उचल घेतली म्हणजे आपण विकले गेलो, ही समजूत आधी आपल्याच डोक्यातून काढायची आहे.

आणि हे नंबर. चुलीमागच्या भिंतीवर कोळशानं लिहा, पण त्याहून चांगलं म्हणजे पाठ करा, कारण फोन हिसकावून घेता येतो, पाठ केलेलं घेता येत नाही. तातडीच्या मदतीला ११२. बायकांसाठी १८१. लहान मुलांसाठी १०९८. मोफत कायदेशीर सल्ल्यासाठी १५१००. याशिवाय घरातल्या एका माणसाचा नंबर प्रत्येकीला तोंडपाठ पाहिजे. आमच्या बैठकीत आम्ही हे विचारलं, तर नवऱ्याचासुद्धा नंबर पाठ नसलेल्या बायका निघाल्या. आता बैठकीची सुरुवात प्रार्थनेनंतर नंबर म्हणून होते. हसतात बायका, पण म्हणतात.

यंदापासून आम्ही एक वही केलीय. गटातलं जे घर तोडणीला जाणार त्यानं निघण्याआधी त्या वहीत लिहायचं: मुकादमाचं नाव, कारखाना, तालुका, गाडीचा नंबर, उचल किती घेतली, बरोबर कोण कोण, पोरं किती. महिन्यातून दोनदा इथून त्यांना फोन जातो. आणि प्रत्येक घराचं एक वाक्य ठरलंय. साधं, घरगुती वाक्य. फोनवर म्होरक्या शेजारी उभा असला तरी बोलता येईल असं. ते वाक्य कानावर पडलं की आम्ही समजायचं, काहीतरी बिघडलंय. कोणतं वाक्य ते आम्ही इथं सांगणार नाही. रेडिओवर सांगितलं तर उपयोग काय? तुम्ही तुमचं ठरवा.

ही वही मुकादमांनाही दाखवलीय. आधी काही जण रागावले. मग एक जण म्हणाला, लिहा माझं नाव, मला काय लपवायचं आहे? ज्यानं असं म्हटलं त्याच्या गाडीत यंदा आमच्या गटातली चार घरं गेली. ज्यानं नाव लिहू दिलं नाही त्याच्याबरोबर काय करायचं, हे ज्यानं त्यानं ठरवलं. कुणी तरीही गेलं, कारण उचल आधीच खर्च झाली होती. त्यांची नावंही आम्ही वहीत लिहून घेतलीत, आणि त्यांना फोन जातातच.

मैत्रिणींनो, तुमच्या गावात दसऱ्याच्या आधी अशी वही सुरू करायची असेल, तर शंभर पानी साधी वही पुरते. कुणाला बाहेरच्या परवानगीची गरज नाही. कशी मांडायची हे बघायचं असेल तर आमच्या बैठकीला या. महिन्याच्या पाच तारखेला, दुपारी तीनला बसतो आम्ही.